नकाशातलं डावीकडचं ऊन
परवा पेटी उघडली, जुन्या नकाशाच्या गुळगुळीत कागदाचा वास आला आणि तो घेऊन वाडीत आलेली ती पोरगी आठवली. डोंगरांच्या उंचीवरून नकाशात सावल्या भरायचं तिचं काम. आमची वाडी तिने काळीभोर दाखवलेली! मला वाटलं, काळं म्हणजे धोका, दरडीचं निमित्त करून आम्हाला उठवायचा डाव. "बाय, सकाळचं ऊन पयलं आमच्याच दारात येतं. काळं का केलंस गं?" "आजी, नकाशात ऊन वरच्या डाव्या कोपऱ्यातूनच पाडतात." "तिकडून कधी सूर्य उगवलाय?" तिने लॅपटॉपवर ऊन आमच्या बाजूला फिरवलं. वाडी उजळली, पण डोंगर खड्ड्यासारखा दिसायला लागला! "ऱ्हाऊ दे काळी," मी म्हटलं, "पण मागं लिहून दे, ही सावली हाय, धोका नाय." तिने हसत लिहिलं, सहीही केली. परवा तो कागद मी परत पेटीत ठेवला, पण सगळ्यात वर.