शेट्येंच्या दुकानातली बॅटरी

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मामाला तर नाहीच. तुला का सांगते आहे? माहीत नाही. ऐक फक्त.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा युनियनचे. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली, आणि दुकानदार लुटतातच हेही तिथूनच शिकले. पुढे मीही पत्रकं लिहू लागले. वेसाव्यात माझ्या मामाची होडी आहे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपत आली तसा तो म्हणाला, "तू लिहिती-वाचती. या वेळी बॅटरी तूच आण. ते बारीक अक्षर मला दिसत नाय."

इंजिन उठवणारी बॅटरी — तिचं काम तू कधी पाहिलं आहेस? चार माणसांनी रेटलं तरी हलणार नाही असं थंड डिझेल इंजिन, आणि ती त्याला दोन-तीन सेकंदांत फिरवते. सगळी ताकद एकदम, मग गप्प. लहानपणी मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पायाखालची फळी थरथरली होती. अजून अंगावर काटा येतो.

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत शेट्येंचं दुकान. कोळीवाड्यातल्या निम्म्या बॅटऱ्या तिथल्याच. त्यांनी एक पुढे ठेवली. मी शेजारचीवर बोट ठेवलं — तिच्यावरचा आकडा मोठा होता, किंमत कमी.

"ताई, ती इन्व्हर्टरची. घरात पंखा चालवेल तासन् तास. इंजिनाला झटका लागतो, तो हिच्यात नाही. हा आकडा नका बघू, हा बघा. स्टार्टिंगचा."

"महागातली खपवायची आहे, असं सरळ सांगा ना."

हे मी म्हटलं. त्यांनी पुन्हा समजावलं, मी पुन्हा तेच. शेवटी मला हवी ती त्यांनी रिक्षात ठेवून दिली. रिक्षा सुटताना वाकून म्हणाले, "होडीवर नका लावू." ऐकलं मी. नीट ऐकलं.

नारळी पौर्णिमेला मामीने होडीवरच्या त्या बॅटरीला हळदकुंकू वाहिलं. "शेट्येंनी हीच दिली," मी मामाला सांगितलं. केवढंसं वाक्य, नाही?

काही फेऱ्या निभावल्या. मग एकदा, किनारा दिसेनासा झाल्यावर, जाळं ओढायला बंद केलेलं इंजिन परत उठलंच नाही. दिवे जळत होते, वायरलेस बोलत होता, इंजिन मात्र नुसतं टक करायचं. मामा आणि पाच खलाशी दीड दिवस लाटांवर. दुसऱ्या होडीने ओढून आणलं. मामा उतरला, ओठ मिठाने फुटलेले, आणि त्याने आधी वाकून पाण्याला हात जोडले. एवढ्या पाण्याने सहाच्या सहा माणसं परत दिली होती. मी बघत राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं.

मेकॅनिकने बॅटरी ओळखली. "पोरगी बघून इन्व्हर्टरची गळ्यात मारली," कुणीतरी म्हणालं. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी — मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. 'जिवाशी खेळणारा दुकानदार'. दुकानाच्या पत्त्यासकट. खाली माझं नाव नव्हतं. जेटीच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने चिकटवलं. इतकं चांगलं पत्रक मी त्याआधी लिहिलं नव्हतं.

मामा चार माणसं घेऊन दुकानात गेला, मी मागे. शेट्येंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"बदलून देतो," ते म्हणाले. बस. त्यांनी तीच पहिली बॅटरी काढली आणि मामाला नव्हे, मला सांगू लागले — लाकडी पेटीत घट्ट बसवा, हादऱ्यांनी आतून मोडते. टोकं घासून व्हॅसलिन लावा. पाणी डिस्टिल्डच, नळाचं नाही. आवाज अगदी पहिल्या दिवशीसारखा. समुद्रासमोर मी पुष्कळदा उभी राहिले आहे, पण इतकी लहान कधी झाले नव्हते. त्यांनी असं का केलं? अजून मला कळलेलं नाही.

ती बॅटरी चौथ्या वर्षीही एका झटक्यात इंजिन उठवते. दर रविवारी टोकं मीच घासते. शेट्ये आता होड्यांच्या बॅटऱ्या ठेवत नाहीत. कोळीवाड्यातलं कुणी जातच नाही.

भिंतीवर त्या पत्रकाचा गोंद अजून आहे. उद्या सकाळी तिथेच नवं लावते आहे, खाली माझं नाव. मामाला मोठं अक्षर दिसतं, म्हणून मोठ्या अक्षरात दोनच ओळी:

शेट्येंनी मला तीनदा सांगितलं होतं.

बॅटरी मी निवडली.