मोठ्या सिस्टर मशीनवर

धाकट्या डॉक्टरांनी मोठ्या सिस्टरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भूकंपच झाला. निदान त्यांना तसं वाटलं. आयसीयूचं दार उघडलं, काचा थरथरल्या, दोन मॉनिटर आपण होऊन गप्प झाले आणि एक बेशुद्ध पेशंट सावरून झोपला. बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "चपला कोणाच्या?" चपला डॉक्टरांच्या होत्या.

व्हेंटिलेटर हा बाईंचा प्रांत. पेशंटचं डोकं उंच हवं, तोंड स्वच्छ हवं, नळीत पाणी साचता कामा नये. कसूर झाली की त्या आयसीयूच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनाही बोटाने बोलावत. मशीन ओरडलं तर आधी पेशंटकडे बघा, मग मशीनच्या पडद्यावरच्या आकड्यांकडे, हे नव्या नर्सच्या कानात त्या रोज ओतत.

अशा बाईंना न्यूमोनिया झाला. त्यांच्याच आयसीयूत, त्यांच्याच मशीनवर त्यांना ठेवावं लागलं. घशात नळी असल्यामुळे आवाज बंद. जरा शुद्ध येताच त्यांनी खुणेने पाटी मागितली आणि लिहिलं, 'उशी उंच करा. शेजारचं सलाइन संपलंय.'

नवरा रोज येई. घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस अबोल म्हणून प्रसिद्ध, पण आता कॉटशेजारी बसून अखंड बोलायचा.

"लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य पूर्ण झालं नव्हतं, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "आता परिच्छेद होतायत."

पाटीवर उमटलं, 'घरी आले की बघते.'

"ये ना गं, लवकर ये," असं म्हणून तो बराच वेळ चष्मा पुसत बसला.

घोडं तिथेच अडलं होतं. ताप गेला, फुप्फुसं सुधारली, पण मशीनचा आधार कमी केला की बाईंचा श्वास उथळ आणि भराभर व्हायचा, घाम फुटायचा, आणि आधार पुन्हा वाढवावा लागायचा. मोठे साहेब म्हणाले, "उद्या शेवटचं बघू. नाहीतर गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागेल." बाईंनी पाटी पुसली.

नवऱ्याने धाकट्या डॉक्टरांना दाराबाहेर गाठलं. "ही वजनकाट्यावर उभी राहते ना, तेव्हा श्वास रोखून धरते. काट्याला फसवायला बघते हो! वर मलाच विचारते, किती दिसतंय?"

दुसऱ्या दिवशी आधार कमी केल्यावर डॉक्टरांनी बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे पडद्यावर खिळलेले! श्वासाचा आकडा चांगला यावा म्हणून बाई एकेक श्वास मापून, ओढूनताणून घेत होत्या. आकडा बिघडला की घाबरत आणि घाबरल्या की तो आणखी बिघडे. श्वास घेण्यातही त्यांना पहिला नंबर हवा होता.

डॉक्टरांनी जन्मात केलं नव्हतं ते धाडस केलं. पडदा आपल्याकडे फिरवला. बाईंच्या वाट्याला फक्त मागच्या वायरी आल्या.

पाटी खडखडली. 'इकडे करा.'

"नाही."

'तुम्हाला वाचता तरी येतो का?'

"तुम्हीच शिकवलंत."

'मग आकडा सांगा!'

"सांगत नाही जा."

बाई पेटल्या. डॉक्टरांचं अक्षर, त्यांचा भांग, त्यांना लाडावून ठेवणारी त्यांची आई, सगळ्यांचा पाटीवर उद्धार झाला. पुसायचं, लिहायचं, पुन्हा पुसायचं. "भांड गं, भांड!" नवरा खडू पुरवत म्हणाला. या धांदलीत श्वासाकडे लक्ष द्यायला बाईंना सवडच झाली नाही, आणि तो बिचारा आपला संथपणे येत-जात राहिला.

दुपारी नळी निघाली. थोडं खोकून झाल्यावर बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आकडा किती होता?"

"पास," डॉक्टर म्हणाले.

"नुसता पास?"

दोन-अडीच महिन्यांनी मोठ्या सिस्टर कामावर रुजू झाल्या. आयसीयू वरच्या मजल्यावर आणि जिना चढताना त्यांना धाप लागायची, म्हणून त्यांना तळमजल्यावर इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. निवृत्तीपर्यंत त्या तिथेच होत्या.