नकाशाची फी

आमच्या घराला दोन दारं आहेत. पुढचं रस्त्यावर उघडतं. तिकडे जमीन उताराची असल्यामुळे सासऱ्यांनी जोतं उंच घेतलं आणि उभ्या, अरुंद पायऱ्या केल्या. मागचं दार थेट गल्लीत उघडायचं, एकही पायरी नाही. खुबा मोडल्यापासून सासूबाई चाकाच्या खुर्चीत आहेत. त्या रोज दुपारी मागच्या दाराने गल्लीतून टोकाच्या घरी, मैत्रिणीकडे जायच्या. मैत्रीण अकोल्याची, सासूबाई वर्ध्याच्या. दोघी लग्न होऊन रायपुरात आल्या आणि इथेच म्हाताऱ्या झाल्या. मी खुर्ची ढकलत नेऊन सोडायची आणि तेवढ्या वेळात बँक, भाजी, औषधं उरकून यायची.

दिवाळीनंतर शेजाऱ्यांनी आपल्या गाडीसाठी गल्लीत पत्र्याची शेड टाकली आणि तिला शटर लावलं; आमची वाट बंद झाली. माणूस गोड बोलणारा.

"दीदी, ये तो मेरे ही प्लॉट में आता है. कभी भी नपवा लो."

नवरा आईंना म्हणाला, खुर्चीसकट उचलून पुढून उतरवतो, मग ऑटोने फिरून जाऊ.

"मी काय गव्हाचं पोतं आहो? मले एकदाच उचला, तवा चौघं लागा," सासूबाई म्हणाल्या.

मैत्रिणीचे गुडघे गेलेले, तिला आमच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. मग दोघी फोनवर बोलू लागल्या. पण दोघींनाही कमी ऐकू येतं. थोड्याच दिवसांत फोन लहान होत गेले. सासूबाई दुपारभर मागचं दार उघडून पत्र्याकडे तोंड करून बसायच्या. जेवण कमी झालं. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "घराबाहेर जातात का?"

मला कामं क्रमाने केलेली आवडतात. आधी नगर निगमात तक्रार केली. कार्यालयातल्या बाबूंनी सांगितलं, गल्ली सार्वजनिक आहे याचा पुरावा द्या, म्हणजे कॉलनीचा मंजूर नकाशा.

"वो तो आप ही के पास होगा न?"

"है. पर आपको आवेदन लगाना पड़ेगा."

मी माहितीच्या अधिकारात अर्ज लावला. मुदतीचा महिना संपत आला तेव्हा उत्तर आलं. त्यात नकाशा नव्हता, फीचा हिशेब होता. नकाशाचं एक पान वेगळं देता येणार नाही, पूर्ण कॉलनीचा संच घ्यावा लागेल. त्याचा मोठ्या आकाराच्या छपाईचा खर्च वेगळा. शिवाय अभिलेख शोधण्याचं शुल्क. तेवढ्या पैशात बॅटरीवर चालणारी खुर्ची आली असती. आणि पैसे भरेपर्यंत मुदतीचं घड्याळ थांबलेलं.

"मम्मी, भर दो ना. आजी बेचारी कितने दिन बैठेगी?" मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळी समजते, बोलते हिंदीत.

मला आईंकडून तसंच ऐकू येईल असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "काहून भरायचे? कागद शोधाचा पगार त्यायले मिळते ना?"

मी नियम काढून वाचले. शोधण्याचं शुल्क त्यात कुठेच नव्हतं. पानामागे दर ठरलेला होता. मी अपील केलं आणि त्यात ठासून लिहिलं की पानामागच्या दरानेच माहिती द्यावी, एक पैसाही जास्त नको. सुनावणीची तारीख पडेपर्यंत उन्हाळा आला. पत्र्याच्या शेडमुळे मागच्या दारातून भट्टीसारखी धग येऊ लागली, तरी आई तिथून हलेनात.

सुनावणीत माहिती अधिकारी म्हणाले, "मैडम, नक्शा पेज नहीं होता."

"काग़ज़ पर ही बना है न, सर?"

अपील ऐकणारे साहेब हसले. शोधण्याचं शुल्क त्यांनी रद्द केलं आणि पानामागच्या दराने नकाशा देण्याचा आदेश दिला. येताना मी जिलेबी घेतली. सासूबाईंनी दोन वेळा मागून खाल्ली.

पाकीट आलं त्यात साधी, वहीच्या आकाराची पानं होती. मोठा नकाशा तुकड्या-तुकड्याने झेरॉक्स केला होता. जेवणाच्या टेबलावर मी पानं जुळवली. एका पानावर आमच्या ओळीतली घरं, नंबरांसकट. तिथे पान संपत होतं. पुढच्या पानावर मागची ओळ सुरू होत होती. दोन्हींच्या कडा मशीनच्या समासात गेल्या होत्या. गल्ली नेमकी तिथेच होती.

मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले. बाबू शांतपणे म्हणाले, "आदेश में पेज ही लिखा है, मैडम. आप ही ने माँगा था. बड़ा चाहिए तो नया आवेदन, बड़े का खर्चा."

घरी येऊन आईंना पानं दाखवली. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"आपलं घर हाय, तिचं हाय. मधातलंच नाई." मग पानं माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "उद्या मले पुढून उतरवा."

सकाळी नवऱ्याने खुर्ची मागून धरली. आवाज ऐकून शेजारी स्वतः आले आणि खुर्ची पुढून धरली. आईंनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट पकडली होती.

"नीट धरजो. मी पडली त तेरवी तुह्याच शेडीत होईन."

तेवढी मराठी त्यांना समजली. हसले, पण पायरी बघून पाय टाकू लागले. खाली पोचेपर्यंत आईंनी डोळे उघडले नाहीत.

संध्याकाळी आम्ही ऑटो घेऊन आईंना मैत्रिणीकडून आणायला गेलो. दोघी पलंगावर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मी नाई येत," आई म्हणाल्या. "उतरली एकदा. आता चढवाले नोका पुन्हा माणसं गोळा करू. नकाशा आला का गल्लीनं येतो."

"राहू दे व बाई तिले," मैत्रीण मला म्हणाली. "माही खोली मोठी हाय."

नवरा तासभर समजावत होता. त्या शेंगा सोलत राहिल्या.

नवा अर्ज मी लावला आहे. एकच पान, मूळ आकारात, छपाईचा जो खरा खर्च असेल तो द्यायची तयारी आहे असं लिहून. फी किती, ते अजून कळलेलं नाही. मी सकाळ-संध्याकाळ औषधं आणि डबा घेऊन मोठ्या रस्त्याने वळसा घालून जाते. गोळ्या मोजून देते. आई आधी पाणी पितात, मग विचारतात, "पत्र आलं का?"

"नाही."

मैत्रीण चहा ठेवते. तिच्याही मागच्या दारातून पत्राच दिसतो. आमचं घर त्याच्या पलीकडे आहे, ते तिथून दिसत नाही. चहा पिऊन मी रिकामा डबा घेते आणि पुन्हा मोठ्या रस्त्याला लागते.