कोल्ह्यासाठी जाळं

मुलांनो, आमच्या शेताशेजारी मेंढ्या चारणारा एकजण ओठांवर तळवा दाबून जखमी सशासारखा ओरडतो. कोकरं नेणाऱ्या कोल्ह्याला बोलावतो म्हणे. कोल्हा मी कधी पाहिला नाही. शिकरा, तो छोटा शिकारी पक्षी, मात्र हमखास येतो. बोलताना हा माणूस माझ्याकडे बघत नाही. काल झुडपांकडेही बघत नव्हता, नजर सारखी आभाळात. शिकरा बाभळीवर उतरताच त्यानं पिशवीतून बारीक जाळं काढलं.

"कोल्ह्याला जाळं कशाला रे?"

"बाई, तुमी लय शंका घ्यायलाव. उन्हात कशाला थांबायलाव? घरी जावा की."

एवढी माझी काळजी त्याला कधीच नव्हती. मी बाभळीखाली गेले आणि फटकन छत्री उघडली.

"कोल्हा पळवला की बाई तुमी!" उडत्या शिकऱ्याकडे बघत तो म्हणाला.