लोणी ते सणसर: जीपमागं फांद्या कुटायचं मशीन

सणसरला माझ्या बहिणीची पेरूची बाग हाय. छाटलेल्या फांद्यांचा ढीग तिच्या छपराला टेकला, म्हणून आमच्या बचत गटाचं फांद्या कुटायचं मशीन तिकडं न्यायचं मी ठरवलं. गटातल्या बाया म्हणाल्या, "मोडून आणशील." मी म्हणाले, "ओरखडा आला तर मशीनची चावी तुमच्याकडं." ही चावी माझ्याकडं हाय म्हणूनच गावात मला कोणीतरी इचारतं.

लोणी भापकरातनं सकाळी निघालो. जीप आमचे मालक चालवणार, मागं दोन चाकी ट्रेलर, त्यावर मशीन. हुकाची पिन, तिची कडी, खालनं फुलीसारख्या अडकवलेल्या दोन साखळ्या, मागचं दिवं, सगळं मी बघितलं. मशीन चाकाच्या जरा पुढं ठेवून पट्ट्यांनी आवळलं. तुमीबी असंच करा, सुतळीनं बांधून देवाला हात जोडू नका.

बारामतीत वडापाव खाल्ला. गरम होता, मिरची कंजुषीनं दिली.

काटेवाडीत मालकांचे चुलते, तात्या, रस्त्यावरच उभे. मालकांनीच आधी फोन केलेला.

"रिकामंच निघालाय व्हय?"

"तात्या, मशीन दिसत न्हाय?"

"मागं जागा हाय की! सणसरला आमच्या लेकीकडं चार पोती कांदं तेवढं टाका."

लेकीच्या गावाला गाडी रिकामी जाऊ देणं आमच्यात पाप. पोती ट्रेलरच्या शेपटावर चढली, वर दोन भोपळं. मी नको म्हणत होते. मालक म्हणाले, "उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या वढल्यात मी. मला शिकवती?"

पुढं रस्ता मोकळा लागला, मालकांनी गाडी दाबली. ट्रेलर डुलायला लागला. आधी तो डुलला, मग त्यानं जीपच डुलवली.

"ब्रेक दाबू?"

"अजिबात न्हाय! पाय काढा, स्टेअरिंग सरळ धरा!"

गाडी हळूहळू थांबली. मशीन घेतानाच विकणाऱ्यानं बजावलं होतं, वजन शेपटाला गेलं की हूक वर उचलतो आन् ट्रेलर झोकं खातो.

"पोती जीपमधी घ्या."

"मग तू कुठं बसणार?"

"कांद्यावर!"

सणसरला मी कांद्यावर बसून, मांडीवर भोपळं घेऊन पोचले. बहीण हसून हसून खाली बसली. दोन दिवसांत ढिगाचा भुगा झाला, तिनं तो झाडांच्या बुडात पसरला. डिझेल तिचं, प्यायला हुलग्याचं गरम माडगंबी तिचंच.

येताना काटेवाडीत तात्या परत उभे, हातात दाव्याला रेडकू.

"एवढं लोणीला सोडा, गरीब हाय, हलत न्हाय."

मालक माझ्याकडं बघायला लागले. मी काच खाली करून म्हणाले, "तात्या, न्हाय म्हंजे न्हाय."

"सुनबाई, मशीन नात्यापेक्षा मोठं झालं का?"

"आज झालं."

घरी बायांनी मशीनभोवती तीन चकरा मारल्या, बोटं फिरवली, एक तर खाली वाकून बघत होती. ओरखडा सापडला न्हाय. चावी माझ्याकडंच ऱ्हायली.

तात्या मात्र बोलायचं बंद झालेत. परवा इंदापूरच्या एका बागवाल्याचा मशीनसाठी फोन आला. त्याला व्हय म्हणाले, आन् मालकांचा मोबाईल आधी काढून घेतला.