न दिलेली पावती

“दावा खर्चासह मंजूर,” न्यायाधीशांनी वाचलं. मागच्या बाकावरून नानांनी मला हात जोडले. मी, त्यांची वकील, मात्र फाईल उलटीपालटी करत होते. हवा तो कागद त्यात नव्हता.

नाना शिंदखेड्याचे टेलर. शेजारच्या सिमेंटवाल्याचा ट्रॅक्टर मागे घेताना त्यांच्या दुकानात घुसला, दोन मशिनी मोडल्या. भरपाई मिळाली आठ हजार. चार वर्षांचा कोर्टाचा खर्च त्याहून जास्त. हा शेजारी चहाच्या टपरीवर हसत सांगायचा, “जिंकला तरी टेलर घाट्यातच!” नानांना ते फार लागलं होतं. खर्च त्याच्याकडूनच निघायला हवा, एवढाच त्यांचा हट्ट.

कोर्ट खर्च देतं, पण आकडा आपोआप येत नाही. स्टॅम्प, समन्स, साक्षीदाराचा भत्ता यांची नोंद फाईलमध्ये असते. फीचं सर्टिफिकेट वकिलानं निकालाआधी द्यायचं. मी ते दिलंच नव्हतं. देणार कशावरून? आमच्याकडे फी म्हणजे तारखेला आलात की पाचशे-हजार हातावर टेकवायचे. पावती मागितली तर अविश्वास, दिली तर परकेपणा. मूर्खपणा नुसता!

हुकूमनामा, म्हणजे वसुलीसाठी लागणारा निकालाचा पक्का कागद, तयार व्हायच्या आत, फीही खर्चात धरावी असा मी अर्ज दिला. आठ दिवस जिवाला चैन नव्हती. नानांना फोन केला, “एकूण किती दिलेत, आठवतंय?”

“तुम्हीनच मोजी लिधात ना, ताई!” मोजून घेतले होते मीच, लिहिले मात्र कुठंच नव्हते.

सुनावणीला समोरचे वकील म्हणाले, “पावती कुठंय, मॅडम?” न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

“नाही, सर. चूक माझी आहे.” मी भर कोर्टात सांगितलं.

न्यायाधीश म्हणाले, “बाकीचा खर्च देतो. फी नाही.”

शेजाऱ्यानं भरपाई आणि तेवढा खर्च भरला. अंदाजानं फीइतकी रक्कम पाकिटात घालून मी नानांच्या दुकानात गेले. ते सुईत दोरा ओवत होते. पाकीट त्यांनी उघडलंसुद्धा नाही, माझ्याकडे सरकवलं.

“ताई, तुम्हना पैसा माले नको. त्याना खिसामधला पाह्यजे व्हता.”

मला पाणी दिलं आणि पुन्हा मशीनवर बसले.

धुळ्याला घरी परतताच मी पावतीपुस्तक घेतलं. आता पक्षकार नको म्हणाला तरी पावती हातात देते. टपरीवर शेजारी अजून सांगतो म्हणे, वकिलीणबाईंची फी टेलरच्याच खिशातून गेली.

खोटं नाही बोलत तो.