उंबरे आणि चुली

आज इथे परदेशात, तांजोंग पगारच्या ऑफिसात कुणीतरी डबा उघडला आणि ऑलिव्हचा खारट वास आला. मीटिंगांनी पिळून निघालेला मी बसल्या जागेवरून थेट क्लेमेंटीच्या जुन्या फ्लॅटमध्ये पोचलो.

तिथे आमच्या एका खोलीत निकोस नावाचा ग्रीक संशोधक भाड्याने राहायचा. एका संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर आपलं गाव मांडलं. कुकर म्हणजे डोंगर, ताट म्हणजे समुद्र आणि मधल्या उतारावर ऑलिव्हच्या बिया म्हणजे घरं.

मी सूत्रधाराच्या थाटात विचारलं, "किती उंबऱ्यांचं गाव, निकोसराव?" मग उंबरा म्हणजे काय, ते दारात उभं राहून दाखवलं.

"उंबरे पुष्कळ," तो हसला. "हिवाळ्यात धूर फार थोड्या घरांतून निघतो."

"मग चुली सांग की," बायको पोळी लाटत म्हणाली.

तो एकेक बी उचलून बशीत टाकू लागला. हे अथेन्सला गेले, हे जर्मनीला, हे आजोबा वारले. शेवटी कुकरच्या पायथ्याशी एकच बी उरली.

"आई," तो म्हणाला. "इथल्या नोकरीची मुदत वाढवून मिळतेय. काय करू?"

"जा रे घरी," बायको म्हणाली. "चूल एकच राहील, पण जेवणारे दोन होतील."

तो गेला. हा किस्सा मी पार्ट्यांमध्ये कुकरसकट रंगवून सांगायचो. आता कंटाळा येतो.

काल चिपळूणजवळच्या आमच्या वाडीतून आईचा फोन आला. शेजारचं घरही बंद झालं म्हणाली.

"तू जेवलास का?"

"हो. आणि तू?"

"एकटीसाठी कसला स्वयंपाक करायचा?"